मनकर्णेची विलायती जीप

“हा हत्ती दारात बांधून काय भेटलं तुमाले, वयनी?” विजय कडाडला, आणि दीरासाठी वाढलेलं ताट हातात तसंच धरून मनकर्णा उंबऱ्यात थिजली...

खाणीच्या साहेबाकडून मागच्या वर्षी घेतलेली ती जुनी विलायती जीप बंद पडून दोन महिन्यांपासून अंगणात नुसती उभी होती. गाद्या चामड्याच्या, ऐट राजाची. पण पेट्रोल घटाघटा प्यायची, आणि एखादा पार्ट गेला की नागपुरातही मिळत नसे, थेट मुंबईहून मागवावा लागे! ती घ्यायचा हट्ट मनकर्णेचाच, हे साऱ्या मोहगावाला ठाऊक होतं. कशासाठी, ते मात्र तिच्या नवऱ्याला, कवडूलाच तेवढं माहीत.

“मिरवाची हौस, दुसरं काय!” धाकटी जाऊ स्मिता पुटपुटली. त्याच दिवशी चूल वेगळी झाली. मनकर्णेचं अंतःकरण विदीर्ण झालं.

पौषात अवकाळी पाऊस तीन दिवस कोसळला. संत्र्याच्या बागेतल्या त्यांच्या घरापासून सडकेपर्यंत काळ्या मातीचा नुसता राडा झाला, आणि चौथ्या सकाळी, दिवस भरायच्या आधीच, स्मिताला कळा सुरू झाल्या! कवडू संत्री घेऊन नागपूरला गेलेला. विजयने बंडी जुंपली. बैल शंभर पावलं गेले आणि चाकं आसापर्यंत रुतली.

“भाऊजी, तिले जीपमंधी आणा. मुंबईचा पार्ट आला, चार दिवसांपासून चालू हाये ते.”

“पण चालवंन कोण?”

“मी!”

पदर खोचून मनकर्णा बसली. जीप दोनदा खोकली, थरथरली... आणि गुरगुरत उठली! तिने पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला. चारही चाकांनी चिखल धरला. नाल्याचं पाणी पायरीला लागलं, तरी गाडी अडली नाही.

मागे विजयच्या मांडीवर डोकं टेकलेली स्मिता कण्हत म्हणाली, “जाऊबाई... तुमी हे कवा शिकल्या?”

“मागच्या साली, बागेतच. तुहं पहिलं लेकरू रुतलेल्या बंडीत गेलं ना, माय... तुहा हात माह्याच हातात होता. तवाच ह्याईले म्हटलं, चिखलात न अडणारी गाडी आणा.”

“मंग सांगितलं काऊन नाही?”

“कसं सांगू? तुही जखम आताच कुठं भरून येऊन राहिली होती...”

विजयने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सौंसरच्या दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. इवलीशी, पण आवाज खणखणीत! विजय पायांवर वाकला तशी मनकर्णेने त्याला वरच्यावर धरलं. “उगी, भाऊजी. बाप झाले तुमी!”

बाराव्या दिवशी लेकीला घेऊन परतताना सडकेवर जीप पुन्हा बंद पडली. कुणीच रागावलं नाही. बोनेट उघडून विजय आत डोकावत राहिला. स्मिताने बाळ मनकर्णेच्या ओटीत दिलं आणि स्वतः पुढे जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवला.

“जाऊबाई,” ती लाजत म्हणाली, “सुधरली की मलेबी शिकवा जी!”