डाव्या कानाजवळची बट

निवेदिकेच्या उजव्या बाजूचे सगळे केस शाबूत होते. डाव्या कानाजवळची चार बोटे रुंद बट मात्र पाळीच्या उंचीवर तुटून पडली होती. दोन्ही बाजूंचे केस एकाच स्ट्रेटनरने, एकाच हाताने, एकाच तापमानाला आणि अर्ध्या तासाच्या आत सरळ केलेले होते.

पार्लरची मालकीण ही हकिगत सांगत असताना भावोजी वहीत टिपून घेत होते. वहिनी काहीच टिपत नव्हत्या. रासायनिक विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काढल्यावर त्यांनी खासगी तपासाचे काम सुरू केले आणि धाकट्या दिरांना मदतनीस म्हणून घेतले. दिरांचे अक्षर सुवाच्य होते आणि सूक्ष्मदर्शकाची पेटी उचलण्यास त्यांची ना नसे. याहून अधिक अपेक्षा वहिनींनी ठेवली नव्हती, आणि भावोजींनीही कधी तसा गैरसमज होऊ दिला नव्हता.

“निवेदिका आमची जुनी गिऱ्हाईक,” मालकीण म्हणाली. “शनिवारी तिचा मोठा कार्यक्रम आहे. कालच्या कार्यक्रमासाठी तिचे केस काकूंनी केले होते. त्यांना आज संध्याकाळपर्यंत काढा, नाहीतर गावभर सांगेन म्हणते. चौदा वर्षं आहेत काकू माझ्याकडे. या वयात त्यांना दुसरं कोण घेणार?”

“आणि नाही काढलं तर?”

“तर गिऱ्हाइकं जातील. इकडे आड, तिकडे विहीर.”

“मग आधी आडाची खोली मोजू,” वहिनी म्हणाल्या आणि चपला पायांत सरकवू लागल्या.

पार्लरमध्ये तीन खुर्च्या होत्या आणि समोर एक लांबलचक आरसा. भिंतीवरच्या खुंट्यांना ड्रायर, कर्लर आणि स्ट्रेटनर वायरीने टांगलेले होते. काकू बेसिनपाशी उभ्या राहून आधीच स्वच्छ असलेले कंगवे धूत होत्या.

“केस धुतले, ड्रायरने कोरडे केले, यंत्र दोनशेवर ठेवलं,” त्या म्हणाल्या. “उजवी बाजू झाली. मग कुरळीला रंग कालवून द्यायला पाचेक मिनिटं आत गेले. येऊन डावी बाजू घेतली. कानाजवळ चर्र झालं, वाफ आली. सिरम लावलं की थोडी येतेच. यंत्र उघडलं तर बट खाली.”

“यंत्रात धरण्याआधी बट हाताला कशी लागली?”

“ते कळत नाही. डाव्या हातात हा असतो.” काकूंनी जाड मोजा दाखवला. “नाहीतर बोटं भाजतात.”

कुरळी म्हणजे पार्लरमधली दुसरी केशरचनाकार. लोकांचे केस सरळ करण्यात तिचा दिवस जाई; स्वतःच्या कुरळ्या केसांना ती यंत्र लावू देत नसे.

“काकूंची खिडकीजवळची खुर्ची मला हवी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे,” ती म्हणाली. “म्हणून मी यंत्रात खोडी करीन? यंत्र बदनाम झालं तर त्या खुर्चीवर बसायला येणार कोण? घरी ब्लीच फासलं असेल बाईंनी.”

वहिनींनी स्ट्रेटनर तापवून दोन्ही पट्ट्यांना तापमापक लावला. एकशे सत्त्याण्णव आणि एकशे सत्त्याण्णव. नंतर मालकिणीने निवेदिकेकडून आणलेला दोन्ही बाजूंचा एकेक केस त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

“उजवा केस काठीसारखा सरळ,” भावोजी म्हणाले. “डाव्यात बुडबुडे दिसताहेत. सोडावॉटरसारखे. हे ब्लीचने होतं का?”

“नाही. लिहून ठेवा.”

निवेदिका डोक्याला रुमाल बांधून घरी बसली होती. तिची धाकटी बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“ड्रायरखाली पंधरा मिनिटं होते मी,” निवेदिका म्हणाली. “केसांत पाण्याचा थेंब नव्हता.”

“काकू आत गेल्या तेव्हा तुम्ही काय केलं?”

“परफ्यूम मारलं, डाव्या कानाशी. प्रत्येक कार्यक्रमाला मारते. वरून गरम यंत्र फिरलं की वास केसांत धरून राहतो. काकूंना माहीत आहे. परफ्यूमची ओल मिनिटभरात उडून जाते. सहा वर्षं हेच चाललंय.”

“काल किती फवारे?”

“पूर्वी पाच पुरायचे. हल्ली वास टिकतच नाही, म्हणून वीसेक मारले असतील. काय करणार? हे परफ्यूम आता बनत नाही. आहे ते एवढंच.”

तिने बाटली आणून दाखवली. गर्द निळी, उंच, अंगठ्याएवढी जाड. बाहेरून नेलपॉलिशची लाल रेघ ओढलेली होती.

“ही रेघ कसली?”

“आमच्या घरात एक मांजर आहे, दुधाऐवजी परफ्यूम चाटणारं,” निवेदिकेने बहिणीकडे पाहिले. “महिन्यापूर्वी रेघ मारली आणि दाखवून ठेवली. बघा, तेव्हापासून पातळी रेघेच्या खाली गेलेली नाही.”

तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पातळी नेमकी रेघेवर होती.

“तुझा दराराच तेवढा आहे, ताई,” धाकटी म्हणाली.

“महिन्यात कार्यक्रम किती झाले?” वहिनींनी विचारले.

“कालचा धरून चार.”

वहिनींनी बाटलीचे फिरकीचे तोंड उघडून एक थेंब काचपट्टीवर घेतला. “भावोजी, तुमचा सेंट काढा.”

“हा?” भावोजींनी खिशातली लिंबाच्या वासाची कुपी पुढे केली. “घरी तर तुम्ही याला कीटकनाशक म्हणता.”

“आज त्याचा पहिला उपयोग होतोय.”

दोन थेंब शेजारी शेजारी ठेवून वहिनींनी घड्याळ पाहिले. तीन मिनिटांनी भावोजींचा थेंब उडून गेला होता. निवेदिकेचा जागीच होता, आणि पांढुरका दिसत होता. वहिनींनी दोघी बहिणींना पाच वाजता पार्लरमध्ये यायला सांगितले.

पाचाला सगळे जमले. काकूंनी ॲप्रन काढून घडी करून हातात घेतला होता. निकाल काही लागो, आपल्याकडून उशीर नको, असा त्यांचा हिशेब असावा.

“केस भाजले नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “उकळले. कोरडा केस दोनशे अंश क्षणभर सोसतो. ओल्या केसातल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि केस आतून फुगून फुटतो. भावोजींनी पाहिलेले बुडबुडे त्या वाफेचे. काकूंनी ऐकलेला चर्र आवाजही तिचाच.”

“पण पाणी आलं कुठून?” कुरळीने विचारले.

“बाटलीतून. परफ्यूम मुख्यतः अल्कोहोल असतं, ते पटकन उडतं. यांच्या बाटलीतलं उडेना. सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात. भरपूर पाणी पडलं की ती वेगळी होतात आणि द्रव दुधाळ दिसतो. निळ्या काचेमुळे तुम्हाला ते दिसलं नाही. वास मात्र कमी झालेला कळला, म्हणून तुम्ही फवारे चौपट केलेत.”

“जुनं झालं म्हणून असेल,” निवेदिका म्हणाली.

“जुनं झालं तर वास बिघडेल. पाणी कसं होईल? आणि तुमची रेघ बघा. दुसऱ्या कोणी थेंबही घेतला नाही असं धरलं, तरी चार कार्यक्रमांना तुम्ही स्वतः वापरलंत. बाटली इतकी बारीक, की पातळी बोटभर तरी उतरायला हवी. ती हलली नाही, म्हणजे कोणीतरी भरत होतं. अगदी कालच्यानंतरसुद्धा. त्या व्यक्तीने फक्त आपण घेतलेलं भरून काढलं असतं, तर मला रेघेतून काही कळलं नसतं. तिने तुम्ही वापरलेलंही भरलं.”

रेघ कोणाला दाखवून ठेवली होती, हे निवेदिकेने घरीच सांगितले होते. भावोजींनी ते आपल्या वहीत शोधले आणि मग धाकटीकडे पाहिले.

“आधी मोजूनच भरायचे,” धाकटी म्हणाली. “मग माझं किती, हिचं किती, काही कळेना. म्हणून रेघेपर्यंत भरत गेले. फिल्टरचं पाणी घालत होते.”

“फिल्टरचं,” निवेदिका म्हणाली. “उपकारच झाले. तुला सांगता आलं नाही? काल काकूंच्या नावाने ओरडत घरी आले, तेव्हासुद्धा?”

“पाण्याने केस तुटतात हे मला कुठे माहीत होतं? आणि मागितलं असतं तर दिलं असतंस? मुलाखतीला जाताना लावायचे. तुझा वास अंगावर असला की मला बोलायला सुचतं.”

निवेदिकेने रुमालाची गाठ उगाचच सोडली, पुन्हा बांधली.

“काकू कुठेही जाणार नाहीत,” ती मालकिणीला म्हणाली. “शनिवारी माझे केस त्याच करतील. उरलेत तेवढे.”

वहिनींनी अहवाल लिहून मालकिणीपुढे ठेवला. तिने वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. “हे दुसरं कारण गाळता नाही येणार? प्रकरण मिटलंय आता.”

वहिनींनी पेनाला टोपण लावले. काकूंनी कागद आपल्याकडे वळवून वाचला.

“राहू दे ते,” त्या म्हणाल्या. “खरं आहे.” आणि त्यांनी ॲप्रनची घडी मोडून तो पुन्हा बांधला.

अहवालात एवढेच होते: परफ्यूमच्या बाटलीत वेळोवेळी पाणी घातले गेल्यामुळे फवारलेली बट ओली राहिली, ओल्या बटेवर दोनशे अंशांचे यंत्र चालल्याने केसांत वाफ कोंडून ते तुटले. दुसरे कारण, यंत्र लावण्यापूर्वी बट उघड्या हाताने तपासली गेली नाही.