कोठाराजवळ बंद पडणारी गाडी

मंगळवारी सकाळी एल्विना बॉशी जिना चढून मर्टल ओस्टबीच्या कचेरीत आल्या. टिलबेरी गावापर्यंत त्यांना आर्चीच्या दुधाच्या ट्रकनं आणून सोडलं होतं. शहात्तर वर्षांच्या या बाईंनी आजवर कुणाच्या गाडीत फुकट पाय ठेवला नव्हता. आज मात्र दूधवाल्याची मनधरणी करून यावं लागलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कोपऱ्यात बसलेल्या लायल हेगेनं नजर खाली वळवली. त्याला तसंच कारण होतं. गावातलं एकुलतं एक गॅरेज त्याचं. मर्टल ही शंभर मैलांतली एकमेव खाजगी गुप्तहेर, पण तिला गाडी चालवता येत नव्हती. म्हणून तपासाला निघाली की चाकामागे लायल असे. गाड्यांबद्दल तिला ओ की ठो कळत नाही, हे तो चारचौघांत आनंदानं सांगे.

"शुक्रवारी दहाला परवाना तपासणारे साहेब येताहेत," एल्विनाबाई म्हणाल्या. "माझा परवाना काढून घेणार. एकवीस मैलांवरच्या शेतावर एकट्या बाईनं गाडीशिवाय कसं राहायचं? मग मला गावात आणून म्हाताऱ्यांच्या खोलीत ठेवतील, आणि जमीन विकतील."

प्रकरण असं होतं. दर दुसऱ्या शनिवारी त्या गावात येत, गोल्डीच्या पंपावर टाकी भरत, बाजार करत आणि परत निघत. गेल्या दीड महिन्यात तीनदा त्यांचा जुना पिकअप बरोबर बाराव्या मैलावर, धान्याच्या पडक्या कोठाराजवळ, खोकून बंद पडला. किल्ली फिरवून हात दुखला तरी तो चालू होईना. मग कुणीतरी यायचं, आपल्या डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतायचं, आणि गाडी लगेच सुरू व्हायची.

आता यावरून गावानं काय समजायचं ते समजलं. टाकीचा काटा अकरा वर्षांपूर्वीच मेला होता. म्हातारी पेट्रोल भरायला विसरते, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. त्यात एक शनिवार बर्फाचा होता. पुढच्या वेळी बाई गोठून जायची, म्हणून भाचा डेलबर्टनं परवाना कचेरीला पत्र लिहिलं आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवून घेतल्या.

"तुम्ही टाकी भरली होती?" मर्टलनं विचारलं.

"भरली होती. दुसऱ्या वेळेपासून तर मी मुद्दाम काठोकाठ भरून घेते." त्या थांबल्या. "पण सगळेच म्हणतात तेव्हा आपलंच डोकं फिरलं असेल असं वाटायला लागतं, मर्टल. त्याचीच मला भीती वाटते."

लायलला राहवलं नाही. गाडी त्यानं तपासली होती, अर्धा दिवस चालवून पाहिली होती, आणि "इंजिनात काहीही दोष नाही" असं डेलबर्टला सही करून दिलं होतं. तो कागद आता साहेबांच्या फायलीत होता. त्यानं हे सांगून टाकलं आणि वर म्हणाला, "बाई, मी खोटं लिहिलं नाही. गाडी खरंच ठणठणीत आहे."

"मग बाई ठणठणीत नाहीत, असं झालं ना?" मर्टल म्हणाली.

*

गोल्डी वेंक पंपावर काच पुसत होती. तिसऱ्या शनिवारी टाकी तिनंच भरली होती.

"तोंडापर्यंत," ती म्हणाली. "वरून बोट बुडेल इतकी. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. रॉइस किंडल संध्याकाळी येऊन सांगून गेला की टाकी कोरडी ठक्क होती. तो कशाला खोटं बोलेल? मला वाटलं माझाच शनिवार चुकला असेल."

रॉइस हा एल्विनाबाईंचा शेजारी. त्यांची जमीन तोच कसायचा. तीनपैकी दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या वेळी, डबा घेऊन देवासारखा धावून आला होता तोही तोच. दुसऱ्या वेळी आर्ची आला होता.

आर्ची दुधाचे कॅन उतरवत होता. त्याचं म्हणणं ऐकताना मर्टलनं वही काढली.

"टाकीचं झाकण काय घट्ट बसलं होतं," आर्ची म्हणाला. "दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा निघालं. मग मी डबा लावला. गॅलनभर गेलं असेल नसेल, तेवढ्यात सगळं उलटून माझ्या मोज्यांवर. वाराच तसला होता त्या दिवशी."

"बाईंना विचारलंस का, टाकी रिकामी होती का म्हणून?"

आर्चीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्याला चर्चमध्ये शिट्टी वाजवायला सांगितली. "असं कुणी तोंडावर विचारतं का? माणूस रस्त्यात अडकलाय. पेट्रोल ओतायचं, हात हलवायचा, निघायचं."

खरंच होतं ते. ऑक्टोबर लागला की त्या मुलखात प्रत्येकाच्या गाडीत पेट्रोलचा डबा चढे. थांबलेली गाडी दिसली की आधी ओतायचं. कारण विचारणं म्हणजे समोरच्याला वेंधळा म्हणणं. लायलनं स्वतः आयुष्यात शंभर वेळा असंच केलं होतं, आणि त्यात चुकण्यासारखं काही असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

*

शेतावर डेलबर्ट दारातच भेटला. सुट्या भागांच्या दुकानात नोकरी करणारा, सतत घड्याळ बघणारा माणूस. लायलनं मनात निकाल देऊनही टाकला. गाडीत काय बिघडवायचं हे याच्याइतकं कुणाला कळणार?

"मी आत्याचा वैरी नाही," डेलबर्ट तडकून म्हणाला. "बर्फात अडकली होती ती तास-दीड तास. तिला काही झालं असतं तर तुम्हीच मला विचारलं असतं, भाचा कुठं होता म्हणून."

स्वयंपाकघरात एल्विनाबाईंनी दह्याचा कुखन केक कापला, कॉफी ओतली आणि आटीव दुधाचा डबा घेऊन त्याच्या झाकणाला टोच्यानं दोन भोकं पाडली. मर्टल ते बघत राहिली. मग अचानक उठून म्हणाली, "गाडी दाखवा."

पिकअप गोठ्यामागे उभा होता. दारं गंजलेली, पत्रा गंजलेला. एकच वस्तू नव्यासारखी चकाकत होती, ती म्हणजे टाकीचं झाकण.

"जुनं कुठं गेलं?"

"ऑगस्टमध्ये कापणीच्या जेवणाला वीस माणसं होती अंगणात," एल्विनाबाई म्हणाल्या. "त्या गडबडीत हरवलं. कुणीतरी न सांगता दुसरं बसवून गेलं. शेजारधर्म अजून आहे हो."

"त्या जेवणाला डेलबर्ट होता?"

"होता. आर्चीही, रॉइसही."

लायलनं कोपरानं मर्टलला ढोसलं आणि डेलबर्टकडे भुवई उडवली. तिनं लक्ष दिलं नाही. उलट त्यालाच विचारलं, "तू ही गाडी गॅरेजमध्ये तपासलीस, तेव्हा टाकीत किती होतं, कसं पाहिलंस?"

"काठी घालून. काटा मेलाय ना. तळाशी चार बोटं होतं. मग तासभर इंजिन चालू ठेवलं, गावात फेऱ्या मारल्या."

"आणि झाकण?"

लायल आठवू लागला. "कामाच्या टेबलावर असेल. शेवटी निघताना लावलं."

मर्टलनं वही मिटली. लायलला वाटलं, हिला वाटच सुचेनाशी झालीय.

परतीच्या वाटेवर रॉइस किंडल त्याच्या फाटकाशी भेटला. भला, हसरा, खांद्यावर हात ठेवून बोलणारा गडी. त्याला फार वाईट वाटत होतं. "काय सांगू, मर्टल. तिसऱ्या वेळी पाच गॅलनचा अख्खा डबा ओतला मी. थेंब सांडला नाही. टाकी अशी कोरडी. बाई मानी आहेत, म्हणून मी कुणाला बोललो नाही."

"गोल्डीला बोललास."

"काळजीपोटी," रॉइस म्हणाला.

*

शुक्रवारी दहाला परवान्याचे साहेब, पॅडॉक नावाचे रुक्ष गृहस्थ, पंपावर आले. मर्टलनं त्यांच्यापुढे एकच मागणी ठेवली. निकाल कागदावर नको, रस्त्यावर द्या. शनिवारी होतं तसंच सगळं होऊ द्या.

डेलबर्टनं शेतावरून पिकअप आणवला होता. गोल्डीनं टाकी तोंडापर्यंत भरली. साहेबांनी स्वतः बोट बुडवून पाहिलं. एल्विनाबाईंनी चकाकतं झाकण घट्ट लावलं आणि चाकामागे बसल्या. साहेब शेजारी. मागून लायलची गाडी मर्टलला आणि आर्चीला घेऊन, त्यामागे डेलबर्ट. आणि रॉइस, कारण शेजाऱ्यावर अशी वेळ आल्यावर घरी कसं बसायचं?

लायल पुढच्या पिकअपवरून नजर हटवत नव्हता. गाडी आज नीट चालली तर बाई खोट्या ठरणार होत्या.

बाराव्या मैलावर कोठार दिसलं. पिकअप खोकला, दोन हिसके देऊन रस्त्याकडेला थांबला. साहेबांनी स्वतः किल्ली फिरवली. एकदा, पाचदा, दहादा. काही नाही.

रॉइस सवयीनं डबा काढून पुढे आला.

"थांब," मर्टल म्हणाली. "आज कुणी पेट्रोल ओतायचं नाही. साहेब, टाकी तुमच्यासमोर भरली. बारा मैलांत किती जळतं, लायल?"

"गॅलनभर. फार तर."

"म्हणजे पेट्रोल आहे आणि तरी गाडी बंद आहे. बाई विसरल्या नव्हत्या, एवढं इथंच सिद्ध झालं. आता झाकण उघडा. फक्त झाकण."

साहेबांना दोन्ही हात लावावे लागले. झाकण सुटलं आणि टाकीनं फुस्सकन मोठा श्वास ओढला. लायलनं तो आवाज ओळखला. तीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला एका क्षणात सगळं कळलं, आणि कळल्याचा आनंद होण्याऐवजी लाज वाटली.

"आता चालू करा, बाई."

एल्विनाबाईंनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात धडधडलं. एक थेंबही न ओतता.

"मला गाड्यांतलं कळत नाही, लायल हे सगळ्यांना सांगतोच," मर्टल म्हणाली. "पण दुधाचा डबा मला कळतो. एकच भोक पाडलं तर दूध येत नाही. आत हवा जायला दुसरं लागतं. या गाडीच्या मूळ झाकणाला हवेचं बारीक छिद्र होतं. या नव्याला नाही. पेट्रोल कमी होत जातं, हवा आत येत नाही, शेवटी पंपाला काही ओढताच येत नाही. आणि टाकी जितकी भरलेली, तितकी वर हवा कमी, तितकी गाडी लवकर अडते. रिकामी होती म्हणून ती थांबत नव्हती. भरली होती म्हणून थांबत होती."

"म्हणून गावात येताना कधी अडकली नाही," डेलबर्ट हळूच म्हणाला. "तोवर टाकी अर्धी झालेली असायची."

"बरोबर. बाई जितक्या जपून भरत गेल्या, तितक्या फसत गेल्या. आणि आपण सगळे चांगली माणसं. झाकण उघडायचो, हवा आत जायची, गाडी तेवढ्यानंच बरी व्हायची, आणि श्रेय आपल्या डब्याला. लायलच्या गॅरेजमध्ये झाकण टेबलावर होतं, टाकीही जवळपास रिकामी. तिथं ती बंद पडणार कशी?"

साहेब झाकण हातात फिरवत होते. "ही चूक कुणाचीही असू शकते. कापणीच्या गर्दीत मिळालं ते बसवलं असेल."

"मलाही तसंच वाटलं असतं. आर्चीनं ओतलं तेव्हा गॅलनभरानंतर उलटून आलं. भरल्या टाकीत तेवढीच जागा. पण तिसऱ्या शनिवारी गोल्डीनं तोंडापर्यंत भरलेल्या टाकीत रॉइसनं पाच गॅलन ओतले, आणि थेंब सांडला नाही. रॉइस, तुझा डबा भरलेला आहे. ओत बघू. साहेबांना दाखव, पाच गॅलन कुठं मावतात ते."

रॉइस डबा धरून उभा राहिला. ओतला नाही.

"ज्याला खरं माहीत नव्हतं, तो आर्चीसारखं जे दिसलं ते सांगतो," मर्टल म्हणाली. "टाकी कोरडी होती हे रचून सांगायची गरज एकालाच होती. ज्यानं झाकण बदललं त्याला. बाई गावात गेल्या की जमीन विकायला निघणार, आणि आधी कुणाला विचारणार? जो कसतोय त्याला."

आर्चीनं टोपी मागे सारली. "बर्फाच्या दिवशी मी उशिरा पोचलो असतो तर, रॉइस?"

रॉइस डबा गाडीत ठेवायला वळला. डेलबर्ट त्याच्या वाटेत उभा होता. घड्याळाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

लायल पिकअपच्या खिडकीशी गेला. "बाई, माझ्या सहीनं तुमचा घात केला. मला माफ करा. साहेब, तो कागद मला परत द्या. तो खोटा आहे."

पॅडॉक साहेबांनी फायलीतून कागद काढून त्याच्या हाती दिला. मग पेन काढून म्हणाले, "बॉशीबाई, परवान्यावर मी इथंच सही करतो. मला परत नेण्याची तसदी घेऊ नका, कुणीही सोडील."

"असं कसं?" एल्विनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा राहिला नव्हता. "परीक्षा घ्यायला आलात ना? मग पुरी घ्या. घर अजून नऊ मैल आहे. डेलबर्ट, तुझ्याकडच्या माझ्या दुसऱ्या किल्ल्या दे इकडे."

त्यानं खिशातून जुडगा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांचा हात क्षणभर धरून राहिला. त्यांनी तो धरू दिला. मग गिअर टाकला, आरशात पाहिलं, हात बाहेर काढून खूण केली, सगळं अगदी नियमाप्रमाणे, आणि पिकअप रस्त्याला लागला. टाकीच्या तोंडावर झाकणाऐवजी आर्चीनं आपला मोजा कोंबून दिला होता.

साहेबांनी दाराचा दांडा घट्ट धरलेला लायलला मागून दिसला. बाई चांगल्याच वेगात निघाल्या होत्या.