फळीवरचं वजन

डिसेंबरातल्या त्या पहाटे मी नेहमीसारखीच कुत्र्यांना घेऊन भुईगावच्या किनाऱ्यावर गेले होते. सरावाला, दुसरं काही नाही. आपल्याकडे बर्फ कुठला? म्हणून मी बर्फावर कुत्री ओढतात त्या घसरगाडीच्या जागी तीन चाकांची गाडी बनवून घेतली होती. पुढे लांब दोर, दोराला सहा कुत्री, मागे मला उभं राहण्यापुरती फळी आणि धरायला दांडा. दोन हस्की, बर्फाळ देशातल्या जातीचे, फ्लॅटवाल्यांनी हौस फिटल्यावर सोडून दिलेले, बाकीची आमच्या गल्लीतली. सगळ्यांत पुढे बोंबील. हडकुळी कुत्री, पण वाट कधी चुकायची नाही.

हे वेड मला नॉर्वेत लागलं. तिथे मी शर्यतीची कुत्री पाळणाऱ्यांकडे कामाला होते आणि मागच्या हिवाळ्यात त्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरले. दिवसरात्र नुसता बर्फ. पापण्या गोठून चिकटतात, उभ्या उभ्या डोळा लागतो. पण कुत्र्यांना एकदा लय सापडली ना, की आपण जमिनीवर आहोत असं वाटतच नाही. त्यासाठी माणूस काहीही सोसतो. मीही सोसलं. मग एका पठारावर, वादळात, फळी अचानक जड झाली. माझ्या मागे कोणीतरी उभं राहिलं होतं. कानाशी हळूच आवाज आला, आपल्या मराठीत. "दमलीस ना... बस थोडी."

मी बसले.

लोकांनी शोधून काढलं तेव्हा डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती. ती कापावी लागली. डॉक्टर म्हणाले, थकव्याने असे भास होतात. मी मान डोलावली. काय करणार?

घरी आल्यावर मी पुन्हा जायची तयारी करते आहे हे मम्मीला कळलं आणि ती भडकली. "बोटं गेली प्रीतल, आता जीव घालवशील?"

"शर्यत अर्धी राहिलीय," मी म्हटलं. तिने माझ्याशी बोलणं सोडलं.

तर, ती पहाट. धुकं दाट होतं. ओहोटीची ओली वाळू चाकांखाली करकरत होती, सुरूच्या झाडांकडून सुक्या मासळीचा वास येत होता. मला राजोडीपर्यंत जायचं होतं. तिथे माझे काका, सेबेस्टियन अंकल, टेम्पोत कुत्र्यांसाठी पाणी घेऊन थांबणार होते. कळंब गाव मागे पडलं. पाणी हळूहळू चढायला लागलं होतं, पण वेळ भरपूर होता. कुत्री छान धावत होती.

मग मासळीचा वास गेला.

त्या जागी दुसरा वास आला. बर्फाला वास असतो, थंड लोखंडासारखा. तो तिथे, आपल्या वाळूवर... आणि फळी खाली दबली.

मी मागे पाहिलं नाही. मानेवर गार श्वास लागत होता. गाडीचा वेग तुटला, चाकं रुतायला लागली. कुत्री जीव खाऊन ओढत होती. पाणी माझ्या डाव्या चाकापर्यंत आलं.

"दमलीस ना... बस थोडी."

खरं सांगते, दमले होते. बसावंसं वाटलं. पण ही सहा जनावरं दोराला बांधलेली होती. मी बसले असते तर गाडी तिथेच रुतली असती, आणि भरती काही कोणासाठी थांबत नाही. आणि मला राग आला. एवढा राग की भीतीला जागाच उरली नाही.

"तुला बसायचंय ना?" मी ओरडले. "तू बस! मी नाही बसणार."

मी फळीवरून उडी मारली. दांडा दोन्ही हातांनी धरला आणि गाडी ढकलत पळायला लागले. माझं वजन गेलं तरी फळी वर आली नाही. तशीच दबलेली. पाणी घोट्यावर, मग पोटऱ्यांवर. छाती फुटायला आली. "चल बोंबील! चल!" दांडा बर्फासारखा गार झाला होता, कापलेल्या बोटांतून कळ जात होती. मी सोडला नाही. आवाज पुन्हा काही बोलला. मी ऐकलंच नाही.

कोरडी वाळू लागली, धुकं विरळ झालं, समोर टेम्पो दिसला. मी गाडी उभी केली आणि दांड्यावर ओणवी होऊन हसायला लागले. एवढं हसले की खोकला आला.

अंकल मात्र पुढे येईनात. बादली हातात धरून ते फळीकडे बघत होते.

"पोरी..." ते हळू आवाजात म्हणाले, "तू तर मागून पलत आलीस."

"हो."

"मंग फळीवर कोन उभं व्हतं?"

मी फळीकडे पाहिलं. रिकामी होती. "कोणी का असेना," मी म्हटलं, "हरवलं त्याला. नॉर्वेचं तिकीट आजच काढते."

मी कुत्र्यांना दोरातून सोडलं, तशी पाच पाण्यावर तुटून पडली. बोंबील गेली नाही. ती फळीपाशी जाऊन बसली, डोळे मिटून, शेपटी हलवत. तिच्या डोक्यावरचे केस दोन कानांच्या मधून मानेपर्यंत, हात फिरवल्यासारखे सपाट झाले, उठले, पुन्हा सपाट झाले. मी जवळ जाऊन तिच्या डोक्याला हात लावला. ऊन चांगलं वर आलं होतं. केसांवर हिमाचा पांढरा थर होता.