जाड मुलामा, पातळ मुलामा

एकही जंतू उरला नव्हता, तरी कुमुदआत्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आता बोला!

मी चाकाच्या खुर्चीत होते. झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं, त्यात टायटॅनियमची सळई बसवली, तर तिच्यावर जंतूंनी वस्तीच केली. सळई काढावी लागली. आता दुसरी बसवायची होती आणि तिचंही तेच झालं, तर पाय कायमचा अधू होणार होता. म्हणून आत्या तिच्या प्रयोगशाळेत चांदीचा मुलामा (वर चढवलेला धातूचा थर) दिलेल्या टायटॅनियमच्या चकत्या तपासत होती. चांदीतून सुटणारे अतिसूक्ष्म कण जंतूंना मारतात.

"जाड मुलाम्यावर जंतू शून्य. पातळ मुलाम्यावर थोडे शिल्लक," यंत्रमानव खडूस म्हणाला. हे नाव मीच ठेवलंय त्याला.

"मग जाडच घ्या ना. घोडं कुठे अडलंय?"

"शाल्मली, ही अर्धीच परीक्षा झाली," आत्या म्हणाली. "तुझ्या हाडातल्या पेशी (ज्यांनी शरीर बनतं ते सूक्ष्म जिवंत घटक) मी दोन्ही प्रकारच्या चकत्यांवर वाढवल्यात. रंग घातला की जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. बघ."

मी सूक्ष्मदर्शकात डोकावले. जाड मुलाम्यावर नुसते लाल ठिपके. माझ्याच पेशी होत्या त्या.

"चांदीला आपलं-परकं कळत नाही. अति झाली की पेशीही मरतात. मग हाड सळईला धरणार कसं? शरीराला न दुखावता त्यात सामावून जाण्याच्या गुणाला जैवसुसंगती म्हणतात. तीच तपासतेय मी."

पातळ मुलाम्यावर हिरव्या पेशी दुपारी जेवून लवंडावं तशा ऐसपैस पसरल्या होत्या.

"पण उरलेले जंतू?" मला रडूच येत होतं. "ते वाढले तर?"

"थोडे असले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. खात्री मी देत नाही, बाळा. पण जाड मुलाम्याला हाड धरणार नाही, हे नक्की."

मला खूप भीती वाटत होती. तरी म्हणाले, "डॉक्टरांना पातळ सांग."

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी क्ष-किरणांच्या चित्रात हाड सळईला घट्ट बिलगलेलं दिसलं. रक्ताच्या तपासणीतही जंतूंचा मागमूस नव्हता.

"टाक पाय," आत्या म्हणाली.

टाकला. सगळा भार टाकला. पाय लटपटला, पण त्यानं मला पेललं. आत्या ओढणीनं डोळे पुसू लागली आणि मी तर भोकाडच पसरलं.

"दुखतंय का?" खडूसनं विचारलं.

"नाही रे. बाजूला हो, मला दारापर्यंत जायचंय."