तेर–धाराशिव मोटार

महादेवीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते.

सोलापुरात जुन्या मोटारी विकणाऱ्या एका माणसाच्या आवारात ती वडिलांबरोबर आली होती. वडील गुरुसिद्धप्पा हे तेरचे भुसार व्यापारी. तेरला रेल्वे होती, धाराशिवला नव्हती. कचेरीच्या कामाला निघालेली माणसं तेरच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीची वाट बघत बसायची. ती बघून बघून गुरुसिद्धप्पांच्या मनानं घेतलं, की आपण एक मोटार घालावी या रस्त्यावर. लढाईचे दिवस, नवी मोटार कुठून मिळणार? जुनीच बघायची. त्यांची नजर अधू झालेली, बायको मागंच वारलेली, म्हणून त्यांनी एकुलत्या एका लेकीला बरोबर आणलं होतं.

मोटार निळी होती. रंग ताजा, गाद्या नव्या. मालक तिच्याभोवती फिरून तिचे गुण गात होता. महादेवी मात्र खाली वाकली, आणि मोटारीखालून बाहेर आलेल्या त्या दोन पायांना हळूच म्हणाली, "तुमच्या घरच्यांसाठी घ्याल का ही?"

खालची ठोकठोक थांबली. मग आवाज आला, "इंजिन घेईन डोळे झाकून. पण ब्रेक... तुळजापूरच्या घाटात दगा देतील हे."

तो सरकत बाहेर आला. गालावर तेलाचा फराटा, कपाळावर पुसट झालेली विभूती. समोर कोण विचारतंय हे पाहून गोंधळलाच. पण मालकानं ते बोलणं ऐकलं होतं. त्यानं तिथल्या तिथं त्याला कामावरून काढून टाकलं.

गुरुसिद्धप्पांनी मोटार घेतली, ती ब्रेक बदलून देण्याच्या बोलीवर. आणि निघताना त्या पोराला विचारलं, तेरला येता का म्हणून. त्याचं नाव विरुपाक्ष. गाव मुरूम. घरी आई एकटी. मोटार दुरुस्त करतो तशी चालवतोही, म्हणाला. चौथ्या दिवशी घाट चढून, संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तपासणी करून घेत निळी मोटार तेरला आली. काळेश्वराच्या देवळापुढं नारळ फुटला, आणि सकाळच्या गाडीची माणसं घेऊन ती धाराशिवला जाऊ लागली.

दोन महिन्यांत पेट्रोल मिळेनासं झालं. मग विरुपाक्षानं मोटारीच्या पाठीला कोळशाची टाकी बसवली. पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालवायची. पण हा गॅस सहजासहजी तयार होत नसे. रोज सकाळी अंगणात टाकी पेटवायची, एकानं कोळसे सारायचे, दुसऱ्यानं पंख्याचा दांडा फिरवत राहायचं. कोळसे विरुपाक्ष सारायचा. दांडा महादेवी फिरवायची.

पाव तास लागायचा. कधी अर्धा. वडील ओसरीवर लिंगपूजेला बसलेले असायचे, आणि अंगणात धूर, गार वारा, अन् ही दोघं.

"हात दुखला का, मालकीणबाई?" तो एकदा म्हणाला.

"मालक आप्पा हायत. मला नाव हाय."

"नाव लांब हाय तुमचं. घेईपर्यंत गॅस धरतो..."

तिला हसू आलं, म्हणून तिनं दांडा जोरात फिरवला. नळीच्या तोंडाशी त्यानं काडी धरली. निळी ज्योत उभी राहिली. गॅस धरला होता. त्या दिवशी तिला वाटलं, आज लवकरच धरला...

धुरानं तिच्या नाकाच्या शेंड्यावर काजळी बसायची. तो सांगायचा नाही. आरशात पाहिल्यावर ती चिडायची, का सांगितलं नाही म्हणून विचारायची, आणि तो खाली बघत म्हणायचा, "बरी दिसत होती." मार्गशीर्ष गेला, हुरडा झाला. धाराशिवला जाताना त्याच्या भाकरीच्या फडक्यात मूठभर हुरडा असायचा. तो कुणी ठेवला हे त्यानं कधी विचारलं नाही, पण संध्याकाळी फडकं धुऊन, घडी घालून परत यायचं.

मग लातूरहून स्थळ आलं. घर मोठं, पेढी नावाजलेली. मुलाकडची चार माणसं रेल्वेनं उतरली आणि गावात यायला निळ्या मोटारीतच बसली. महादेवी आत साडीच्या निऱ्या सारख्या करत होती, तेव्हा बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. रोज त्या आवाजानं ती दाराशी यायची. त्या दिवशी जागची हलली नाही.

चहापाणी झालं. मुलाचे काका खुशीत होते. म्हणाले, आम्ही वाटेत तुमच्या डायव्हरला विचारलं, मुलगी कशी आहे. तर तो म्हणाला, अशी मुलगी साऱ्या मुलखात मिळायची नाही. त्यांनी तिथंच पसंती सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवीनं पंख्याच्या दांड्याला हात लावला नाही.

"माझी तारीफ करायला कुणी सांगितलं होतं तुमाला?"

विरुपाक्ष कोळसे सारत राहिला. "त्यांनी विचारलं. खोटं कसं सांगू?"

"मग सगळंच खरं सांगायचं."

"सगळं म्हंजे?"

टाकीतला धूर दोघांच्या मधून वर जात होता. त्यानं सळई खाली ठेवली.

"सगळं सांगितलं असतं तर... हेबी सांगावं लागलं असतं, की त्या मोटारीचा डायव्हर सकाळ व्हायची वाट बघतो. गॅस धरला तरी दोन घटका सांगत न्हाय, की धरलाय म्हणून." तो थांबला. "म्या नोकर माणूस. हे कसं सांगू?"

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मला सांगितलं असतं, तर म्या पण सांगितलं असतं... की मला कळत होतं. ज्योत मला पण दिसती की."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. सरळ, पहिल्यांदाच. "महादेवी," तो म्हणाला. एवढंच. तिलाही पुढचं काही नको होतं.

त्याच दुपारी तिनं वडिलांना सांगितलं, की मला लातूरला जायचं नाही. गुरुसिद्धप्पा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. तिला वाटलं, आता संतापतील.

"डायव्हर काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

ती खाली पडलेली सुपारीची खांडं वेचू लागली.

"डोळे अधू झालेत माझे, कान न्हाय. रोज पूजेला बसतो तवा अंगणातलं हसणं येतंय की कानावर." मग ते हळू म्हणाले, "लातूरला म्या कळवतो. पण त्याच्या आईला इचारल्याबिगर काय बी न्हाय. उद्या मोटार मुरूमला घ्यायला सांग."

दुसऱ्या दिवशी तेर स्टेशनावर उतरलेली माणसं मोटारीची वाट बघत राहिली. मोटार मुरूमच्या रस्त्याला लागली होती. विरुपाक्षाच्या शेजारी गुरुसिद्धप्पा बसले होते, डोक्याला ठेवणीतला रुमाल बांधून.

तो दिवस गेला. दुसरा दिवस कलला. महादेवीनं तीनदा अंगण झाडलं. त्याच्या आई नाही म्हणाल्या असतील का? नोकराच्या घरी मालकाची लेक... त्यांना नको वाटलं असेल का? उन्हं उतरू लागली तेव्हा वेशीकडून हॉर्न ऐकू आला.

मोटार दारात थांबली. गुरुसिद्धप्पा मागच्या बाकावर होते, रुमाल धुळीनं भरलेला. पुढं एक ठेंगणी बाई बसलेली, इरकली लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेली. विरुपाक्षाची आई, इरम्मा. ती खाली उतरली. महादेवी पाया पडायला वाकली, तर तिनं हनुवटीला धरून तिला उभं केलं, चेहरा उजेडाकडं वळवून नीट बघितला, आणि लेकाकडं वळून कानडीत काहीतरी फाडफाड बोलली. विरुपाक्ष कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणाल्या?" महादेवीनं घाबरत विचारलं.

"म्हणाली... घरी धाडलेल्या दर कागदात मोटारीचंच लिवत होतास. मोटार अशी, मोटार तशी. ही हाय हे का लिवलं न्हाईस?"

"मग तुमी काय सांगणार?"

त्यानं आईकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"सांगतो, की दर कागदात हिचंच लिवत होतो."

इरम्माला मराठी बेताचीच येत होती. पण तेवढं तिला कळलं असावं. तिनं महादेवीचा हात आपल्या हातात घेतला आणि लेकाची वाट न बघता तिला घेऊन घरात गेली.