शेजारच्या खोलीतला राग

विद्यापीठात त्याला सगळे थंडोबा म्हणत. पण तीन वर्षं खपून केलेलं त्याचं संशोधन मार्गदर्शक सरांनी स्वतःच्या नावावर छापलं आणि हा मूग गिळून बसला, तेव्हापासून त्याची झोप उडाली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ असतात, या निर्लज्ज माणसाने तर दळणाऱ्यालाच विचारलं, "तुझं इथे काय काम?" तळपायाची आग मस्तकात जावी अशीच गोष्ट. थंडोबाचीही जायची, पण तोंडातून ब्र निघत नसे. मग रात्रभर नुसती कूस बदलायची.

म्हणून एका दुपारी तो विद्यापीठाच्या निद्रा-प्रयोगशाळेत गेला. भावना आवरल्याने विद्यार्थ्यांची झोप सुधारते की बिघडते, याची तिथे तपासणी चालू होती. काहींनी झोपण्याआधी राग बोलून टाकायचा, काहींनी दाबायचा. थंडोबाच्या वाट्याला दाबणं आलं.

"त्यात तर माझा हातखंडा आहे, ताई," तो म्हणाला. तंत्रज्ञ ताई हसल्या, त्याच्या कपाळाला तारा चिकटवून काचेपलीकडे गेल्या.

डोळे मिटून त्याने राग दाबायला घेतला. पण आत जागाच उरली नव्हती. म्हणून त्याने तो शेजारच्या रिकाम्या खोलीत ढकलला, भिंतीतून, सगळाच्या सगळा. आणि मेल्यासारखा झोपला.

जाग आली तेव्हा तार जळल्यासारखा वास येत होता. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शेजारच्या खोलीला कुलूप आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण तिथल्या माइकमधून कुणीतरी शिव्या देत होतं... तुझ्या आवाजात. आणि तू तर इथे गाढ झोपलेला..."

तो रोज दुपारी येऊ लागला. पलीकडे खाट करकरू लागली, मग भिंतीवर धक्के बसू लागले.

"बंद करू या रे हे..."

"नको ना, ताई. किती दिवसांनी झोप लागतेय मला."

मग विभागात सरांचा सत्कार झाला. व्यासपीठावरून सर म्हणाले, "हा आमचा पोरगा. टेबलं पुसायला फार मदत केली याने." सगळ्यांच्या माना वळल्या. आता तरी हा बोलेल! थंडोबाने आत राग शोधला. काहीच नव्हतं. पहिली टाळी त्यानेच वाजवली.

त्या टाळीने तो स्वतःच हादरला. आपलं काम गेलं ते गेलंच, त्यासाठी भांडायची धमकही गेली होती. सत्कार आटोपून सर घरी गेले, तसा तो प्रयोगशाळेत धावला. "ताई, मला माझा राग परत हवाय!"

ताईंनी नुसतं बोट दाखवलं. शेजारच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. गादीला माणसाएवढा खळगा, चादर अजून गरम. आत कुणी नव्हतं.

इतक्यात त्याचा फोन वाजला. सर कुजबुजत होते.

"बाळा... दार नको ठोकूस. घरात मी एकटाच आहे रे. तुझं नाव घालतो, सगळीकडे घालतो... पण आधी तिथून जा."

"सर, मी प्रयोगशाळेत आहे."

फोनमध्ये लाकूड फुटल्याचा आवाज झाला. सरांची किंकाळी आली, आणि त्यावर चढलेला त्याचा स्वतःचा आवाज.

ओरडून त्याला थांबवायला हवं होतं. थंडोबाने तोंड उघडलं.

त्याला जांभई आली.