सातवी सुई

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. बन्सीधरमामा गेले, मामीही गेली. साक्षीला उरलाय तो दवाखान्याचा एक कागद. तो माझ्याकडे आहे.

१९९४ चा जानेवारी. परभणीतला एक खासगी दवाखाना. रात्रबित्र नव्हती, सकाळचे अकरा. पण सोनोग्राफीच्या खोलीला काळे पडदे... आत सदाची अमावास्या.

मामा सोनपेठचे मापाडी. हयात गेली धान्य मापण्यात. माप भरायचं अन् मोठ्यानं मोजायचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ कुणाचा, ते मात्र मामा ठरवायचे. मध्येच 'सात' दोनदा म्हणायचे. आठवं माप सातातच जिरायचं. व्यापारी खूश, अन् मामांच्या पिशवीत वरची ज्वारी.

ज्वारी विकायला आलेल्या राणीसावरगावच्या कडूबाईनं एकदा पकडलं.

"सात झालं की, मापाडी. आता आठ म्हणा."

"मोजायचं काम माझं हाय, बाई. तुमी नुसतं बसा."

ती बसली. बोटं धरून, गप्प. त्याच साली वारली.

बारा वर्षांनी मामांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टर मुंबईहून नवी रीत शिकून आले होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत लांब सुई पोटातून थेट गाठीत घालायची, औषध तिथंच सोडायचं. दर गुरुवारी एक. अशा आठ. मग घर.

"गुण येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आठही व्हायला हव्यात. सुई आत असताना श्वास धरायचा. मी 'सोडा' म्हणेपर्यंत हलायचं नाही."

सहा सुया झाल्या. दर सुईला डॉक्टर कागदावर एक खूण करत.

सातवी भोगीच्या दिवशी. सुई आत गेली. मामांनी श्वास धरला.

अंधार. यंत्राची घरघर.

मग घरघर थांबली...

अन् कानाशी एक बाई हळूच म्हणाली, "सात."

आत डॉक्टरांशिवाय कुणी नव्हतं. मामी अन् मी दाराबाहेर. हे मामांनीच नंतर सांगितलं.

पुढच्या गुरुवारी मात्र मामा खुशीत. "शेवटची हाय, साहेब. उद्या घरची भाकर."

डॉक्टरांनी कागद पाहिला. "आज सातवी, बन्सीधरराव."

"सातवी भोगीला झाली की."

"इथं सहाच खुणा आहेत."

मामांनी सदरा वर केला. मामीनं बोट ठेवून डाग मोजले. सात.

"एखादा डास चावला असेल," डॉक्टर हसले. "मोजायचं काम माझं. तुम्ही नुसतं पडा."

मामांचा चेहरा उतरला. ते वाक्य त्यांचंच होतं.

"मला घरी न्या," ते मला म्हणाले. पण मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार नुकताच जाहीर झालेला, गावोगावी तणाव, एसट्या बंद. न्यायचं कशानं?

पुन्हा तेच टेबल. सुई आत. ओरडता येईना, हलता येईना, श्वासही घेता येईना...

"सात."

बाहेर आल्यावर डॉक्टरांना खूण करताना मी स्वतः पाहिलं. सातवी. ठळक, निळ्या शाईची.

पुढच्या गुरुवारी कागद उघडला.

सहा.

त्याच्या पुढच्याही गुरुवारी... सहा. मामांनी वाद घालणं सोडलं. एसट्या केव्हाच सुरू झाल्या होत्या, पण आता तेच जाईनात.

"आठवी झाल्याबिगर ती सोडायची न्हाई," म्हणायचे. दिवसभर खाटेवर बसून राहायचे. बोटं धरून, गप्प.

फेब्रुवारीत मामा त्याच खाटेवर गेले. आठवी सुई काही झाली नाही.

शेवटची अंघोळ घालताना मी पोटावरचे डाग मोजायला घेतले. लाभ, दोन, तीन...

सातावर आलो.

बोट पुढच्या डागावर टेकवलं, अन् तोंडातून पुन्हा 'सात'च निघालं.

त्याच्या पुढच्यावरही.

किती डाग होते, मला आजही सांगता येत नाही.